त्या दिवशीचा भाव

अण्णा, शेअरचा भाव कसा ठरतो हे तुम्ही मला एकदा समजावून सांगायला बसला होतात आणि मध्येच थांबला होतात. तुमचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, हातात चहाचा कप, आणि समोर जमिनीवर पेपर पसरून मी. तुम्ही कारखान्यातून आलात की हा आपला रोजचा परिपाठ. संध्याकाळी तुम्हाला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून बाजाराचं पान मी मोठ्यानं वाचायचं. आधी कापडगिरण्या, मग पोलाद, मग ताग आणि सगळ्यात शेवटी रसायनं, ज्यात आपली कंपनी. "आपली" असंच आपण म्हणायचो. अंबरनाथला कारखाना उभा राहिला तेव्हा अधिकाऱ्यांना थोडे शेअर घ्या म्हणाले होते, तेवढेच तुमच्याकडे. त्या आठवड्यात कारखान्यातली बरीच माणसं कमी केली होती. नळावर बायका हळू आवाजात बोलत होत्या. आणि मी वाचलं की आपल्या कंपनीचा भाव वाढलाय. मी विचारलं, "अण्णा, माणसं घालवली तर भाव वाढला कसा?" तुम्ही म्हणालात, "खर्च कमी झाला ना. म्हणजे नफा वाढेल. नफा वाढेल असं वाटलं की लोक शेअर घ्यायला धावतात." "पण मग काम कोण करणार?" "उरलेले." "मग त्यांचा पगार वाढणार?" तुम्ही घमेल्यातले पाय थोडे हलवलेत. "पुढे वाच," म्हणालात. पुढे काहीच नव्हतं. पान संपलं होतं.

आता भाव टीव्हीवर पट्टीसारखे सरकतात. माझा मुलगा जेवताना सांगत असतो, आई, पुढच्या वर्षी बाजार वर जाणार, हे घ्यायला हवं, ते विकायला हवं. मी मान डोलावते. बाजाराचं मला तेव्हा कळलं नाही तसं अजूनही कळत नाही, आणि त्यानं माझं काही अडलेलंही नाही. अडलंय ते तुमच्यापाशी. एका माणसाशी तुम्ही केलेला एक व्यवहार मी इतक्या बाजूंनी फिरवून बघितलाय की आता तो मला दोन्हीकडून सारखाच दिसतो.

तो माणूस म्हणजे स्टोअरवाले काका. त्यांचं सिंधमध्ये सक्करला लोखंडी सामानाचं दुकान होतं, फाळणीत ते तसंच उघडं टाकून बायकोला घेऊन बोटीनं मुंबईला आले आणि तिथून कल्याणच्या लष्करी कॅम्पात. त्या कॅम्पाला पुढे उल्हासनगर नाव पडलं. सैनिकांच्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खणात एकेक कुटुंब राहत होतं. काकांना आपल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं आणि तुम्ही देखभाल खात्याचे, त्यामुळे सुट्या भागांसाठी तुमचं त्यांच्याशी रोजचं काम. रविवारी ते वालधुनी नदीच्या काठानं चालत आपल्याकडे यायचे. तुम्हाला "साईं" म्हणायचे. तुमचं हिंदी ऐकून ते हसायचे आणि त्यांचं मराठी ऐकून आई. "वहिनी, चहा चांगली आहे," असं म्हणाले की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "चांगला! चहा चांगला!" आणि पुढच्या रविवारी चहा पुन्हा चांगली.

कपातीत त्यांचं नाव आलं. मला वाटलं होतं, आता हे रविवारी यायचे नाहीत. पण आले, नेहमीपेक्षा लवकर आले. भरपाईचे मिळालेले पैसे कापडी पिशवीत घालून आणले होते आणि ती पिशवी त्यांनी तुमच्या पुढ्यात पाटावर ठेवली.

"साईं, इसका शेअर ले दो. अपनी कंपनी का."

तुम्हाला ठसका लागला. "वेडे आहात का तुम्ही? ज्यांनी घरी बसवलं त्यांच्याच घशात पैसे घालता?"

"नौकर नहीं रखते तो मालिक बनके जाऊँगा," ते हसत म्हणाले. "छोटा मालिक. नाखून जितना."

तुम्ही त्यांना खूप समजावलंत. शेअर म्हणजे दुकान नव्हे, आज आहे उद्या नाही, पोस्टात ठेवा, सोनं घ्या. "उद्या भाव पडला तर ते पाप माझ्या माथी," असंसुद्धा म्हणालात. काका ऐकून घेत होते आणि शेवटी शांतपणे म्हणाले, "साईं, मेरा तो पूरा शहर गिर गया. भाव गिरेगा तो देख लूँगा."  आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "घेऊन द्या. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जातील आणि फसतील." मग तुमच्या दलालाकडून तुम्ही त्यांच्या नावावर शेअर घेऊन दिलेत. आईचं ते वाक्य मला पुढे फार वर्षं टोचत राहिलं.

मालक होऊन ते खरंच गेले. मुंबईला भागधारकांची वार्षिक सभा होती. तुम्हीही गेला होतात, पण अधिकारी असल्यामुळे तिकडे काकांच्या शेजारी बसायची तुमची छाती झाली नाही. मागच्या रांगेत बसलात, हे तुम्हीच आईला सांगितलंत. काका थेट पुढे बसले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून सगळं सांगतायत आणि आई लाटणं हातात धरून ऐकतेय, असं अजून दिसतं मला. वर पंखा होता, कपाला सोनेरी कड होती, बिस्किटं दोन प्रकारची होती. ज्या साहेबानं त्यांच्या कपातीच्या कागदावर सही केली त्यानं दारात हात जोडून "नमस्ते, या" म्हटलं आणि ओळखलं नाही. मी विचारलं, "मग तुम्ही काय बोललात काका?" ते म्हणाले, "कुछ नहीं बेटी. बैठा. स्टोअर में दिनभर खड़ा रहता था ना. वहाँ पूरा टाइम बैठा." आई खूप हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला त्यांची भीती वाटत होती का स्वतःची, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. सरकारनं नवे कर आणले, पेपरात रोज मंदी मंदी असं यायला लागलं आणि मी वाचायचे ते आकडे उतरतच राहिले. तुम्ही "पुढे" म्हणायचात, मी पुढचा वाचायचे, तोही उतरलेला. त्याच दिवसांतली एक गोष्ट मला आठवते, आणि ती आठवते म्हणूनच सगळा घोळ आहे. एका रविवारी तुम्ही कारखान्यात गेलात आणि जेवायला आला नाहीत. आईनं मला डबा घेऊन पाठवलं. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, साहेब मागच्या माळावर आहेत. कारखान्याच्या भिंतीपलीकडे तो मोकळा माळ होता, नुसतं गवत आणि बाभळी. तिथे तुम्ही टोपी घालून उभे होतात, दोघं जण मोजणीची साखळी ओढत होते आणि कोट घातलेला एक गोरा माणूस कागदावर काही लिहीत होता. मला बघून तुम्ही लगबगीनं माझ्याकडे आलात, डबा घेतलात आणि म्हणालात, "जा घरी. ऊन फार आहे." इतकंच. माझ्या मनातही दुसरं काही आलं नाही. मला वाटलं, पाणी तुंबत असेल, गटार काढत असतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका आले. उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात एक गाळा मिळत होता. नटबोल्ट, खिळे, बिजागऱ्या, त्यांना पाठ असलेलं सगळं सामान. पागडी लगेच द्यायची होती. "साईं, मालिकी बहुत हो गई. अब दुकान खोलता हूँ. शेअर बेच दो. आज क्या भाव है?"

काकांनी मधल्या काळात भाव कधी बघितलाच नव्हता. रोज भाव बघितला की झोप जाते, असं ते म्हणायचे. मी मात्र आदल्याच संध्याकाळी तो वाचला होता. त्यांनी घेतला होता त्याच्या जेमतेम निम्म्यावर आला होता. मी खिडकीत बसून मोगऱ्याचा गजरा ओवत होते आणि माझे हात थांबले, कारण तुम्ही म्हणालात, "तुम्ही घेतला त्याच्या आसपासच आहे."

तुम्ही खोटं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग म्हणालात, "दलालाकडे कशाला जाता, दलाली जाईल. मीच ठेवून घेतो." दोन दिवसांत तुम्ही पोस्टातून पैसे काढून त्यांना दिलेत. त्यांनी घेतलेल्या भावानं, पुरते. काकांनी तुमचे दोन्ही हात धरले. त्यांनी आईला विचारलं, "दुकान का नाम क्या रखूँ वहिनी?" आणि आईनं काहीतरी देवाचं नाव सुचवलं. ते गेल्यावर आईनं कढईत उलथनं आपटलं. त्या पैशांत तिचं शिवणयंत्र येणार होतं. "पेपर मीही ऐकते रोज," ती म्हणाली. "एवढे कशाला दिलेत? धर्मादाय काढलाय का?" तुम्ही म्हणालात, "बुडणार नाहीत ते पैसे." "आणि बुडाले तर?" "बुडणार नाहीत," तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि अण्णा, तुमच्या आवाजात जराही चाचरणं नव्हतं. एरवी उद्या भाजीला काय आणू हे सांगतानासुद्धा तुम्ही दोनदा विचार करणारे.

काकांचं दुकान चाललं. आपण कॅम्पात गेलो की ते मला एखादी नवी कडी नाहीतर कुलूप दाखवायचे, जणू मी गिऱ्हाईक. मग मंदी सरली. मागच्या माळावर बाभळी तोडल्या, पाया खणला गेला आणि नवी शेड उभी राहिली. कंपनीनं बोनस शेअर जाहीर केले. ज्याच्याकडे जितके असतील तितकेच आणखी, फुकट. आणि फुकट वाटले तरी भाव पडेना, उलट चढला. त्या संध्याकाळी मी तो आकडा वाचला तेव्हा तुम्ही "पुढे" म्हणाला नाहीत. आईनं आतून विचारलं, "किती म्हणालीस?" मी पुन्हा वाचला.

काकांना कुणीतरी सांगितलंच असणार. कॅम्पातून आपल्या कारखान्यात येणारी माणसं थोडी नव्हती. ते रविवारी आले, पण पाटावर बसले नाहीत, ओसरीच्या कठड्यावर टेकले. आवाज चढलेला नव्हता.

"साईं, नाराज मत होना. एक बात पूछनी है. उस दिन आपको पता था क्या, नया शेड आनेवाला है?"

तुम्ही चष्मा काढलात. मी दारात होते. मला सांगायचं होतं, काका, भाव पडला होता, त्यांनी तुम्हाला दुप्पट दिलेत, मी स्वतः वाचलंय. तोंड उघडलंही होतं, पण आईनं मागून माझा खांदा असा दाबला की बोटं उमटली. तुम्ही म्हणालात, "काय सांगू मी तुम्हाला?"

"हाँ या ना, साईं. दो ही तो हैं."

तुम्ही चष्म्याच्या काड्या मिटल्यात, उघडल्यात, पुन्हा मिटल्यात.  आईनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग काका "अच्छा" म्हणाले आणि वहाणा घालून गेले. मी तुमच्यावर चिडले होते. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला. रात्री आईला विचारलं तर ती म्हणाली, "दुप्पट दिले म्हणून सांगितलं असतं तर त्या माणसाला काय वाटलं असतं? आपण भीक घेतली, असं." मला ते पटलं. मग अंथरुणात पडल्यावर तो माळ आठवला, साखळी ओढणारी माणसं आठवली आणि पटलेलं सगळं निसटलं.

पुढच्या रविवारी तुम्ही मला घेऊन कॅम्प एकला गेलात. मला का नेलंत, तेही एक कोडंच आहे. काका कुणाला तरी खिळे तोलून देत होते. ते गिऱ्हाईक जाईपर्यंत तुम्ही उन्हात उभे राहिलात. मग तुमच्या त्या हिंदीत म्हणालात, "आपके शेअर वापस घ्या. जितने में लिया उतनेही पैसे द्या, पाहिजे तेव्हा द्या. बोनसवाले पण तुमचेच."

काकांनी तराजूची पारडी पुसली. "बेचा सो बेचा, साईं. मैं व्यापारी आदमी हूँ." मग म्हणाले, "आप वापस देते हो, मतलब आपको पता था."

"तसं नाही."

"तो फिर काहे को देते हो?"

 मी तुमच्याकडे बघत होते, सगळं अंग कानात आणून. आतल्या पडद्यामागून काकी पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. त्या एरवी माझ्याशी फार बोलत नसत. पेला देताना वाकून हळूच म्हणाल्या, "बाप को बोल, सिर्फ ना बोल दे. इतना ही चाहिए इनको. झूठ बोले तो भी चलेगा." मी पाणी प्याले. तुमचा पेला तसाच राहिला.

परतताना तुम्ही पुढे आणि मी मागे. बाजार संपला, बराकी संपल्या, तेव्हा मी काकी काय म्हणाल्या ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही थांबलात. मागे वळून मला विचारलंत, "तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि चालायला लागलात. तुमचा चेहरा मला दिसला नाही.

काका पुन्हा आपल्याकडे आले नाहीत. मी दुकानात गेले तर "आओ बेटी" म्हणायचे, माल चांगला द्यायचे, एक पैसा जास्त घ्यायचे नाहीत आणि कमीही नाही. तुमची चौकशी करायचे नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मात्र आले. स्मशानापर्यंत चालत आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि आईशी न बोलताच परत गेले. तेराव्याच्या आधी तुमच्या खात्यातले नकाशे काढणारे एक गृहस्थ भेटायला आले होते. तुमचं कौतुक करताना ते सहज म्हणाले, "त्या नव्या शेडचा पहिला आराखडा यांच्याच हातचा. मंदी यायच्या आधीचा." मी खुर्चीतून उठलेच. ते पुढे म्हणाले, "पण तसे आराखडे आम्ही ढीगभर काढायचो हो. कागदावर त्या माळावर पाच शेड होत्या. एक झाली."

आई शेवटपर्यंत ठाम होती. म्हणायची, माहीत असतं तर बाजारात निम्म्या भावानं नसते का घेतले? त्याच पैशांत दुप्पट आले असते. हे अगदी बरोबर आहे. मी ते धरून बसते, आणि मग वाटतं, माहीत होतं म्हणूनच तर पूर्ण भाव द्यायला तुमचा हात कचरला नसेल. कंपनीची गोष्ट बाहेर सांगायची नाही, म्हणून काकांना "विकू नका" म्हणता आलं नसेल. काकांना तेव्हाच गाळा हवा होता, मग गप्प राहून निदान त्यांचं नुकसान तरी होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं असेल. तसं असेल तर ते चांगलं की वाईट? इथवर आले की मला पुढे जाता येत नाही. शिवाय तुम्हाला काहीच माहीत नसेल, तुम्ही नुसते एका मित्राला तोट्यातून सोडवायला गेलात आणि आईसमोर उसनं अवसान आणलंत, असंही असेल. तो तुमचा ठाम आवाज खोटाही असू शकतो. काकांना भाव सांगतानाही तो तसाच ठाम होता की.

तुमच्यामागे आईनं ते शेअर विकले आणि बदलापूरला हे घर बांधलं. अधूनमधून काकांचं नाव निघायचं तेव्हा ती म्हणायची, अर्धं घर त्यांचं आहे, आणि लगेच म्हणायची, छे, काहीतरीच. तीही आता नाही. काकांचं दुकानही नाही, तिथे मोबाइलची दुकानं झालीत. कारखाना बंद पडून जमाना झाला, त्या शेडचा पत्रासुद्धा उरला नाही. ज्याला विचारावं असं कुणी उरलेलं नाही आणि मुलगा म्हणतो, आई, इतक्या जुन्या गोष्टीचा काय एवढा विचार करतेस, दोघांचंही भलंच झालं ना? झालं. दोघांचंही भलं झालं आणि दोघं उरलेलं आयुष्य एकमेकांशी बोलले नाहीत.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. पण एक सांगते, अण्णा. तुम्ही आज असतात, दोन स्टेशनं पलीकडे राहत असतात, तरी मी हे तुम्हाला पाठवलं नसतं. काकांना नाही दिलंत ते उत्तर तुम्ही मला दिलं असतंत, माझी खात्री आहे. आणि त्या दोन उत्तरांपैकी एकच ऐकायची माझी अजून तयारी आहे.